दोन्ही खांद्यांचा फोटो

१

"झाकण लाव," हरेश्वर म्हणाले. "निम्मं तर झालंय. आता अडून काय बसायचं?"

मी म्हटलं, लावणार नाही.

"मग उघडं ठेवून काय होणार? अर्धा इथे, अर्धा तिथे, असा कुठे माणूस असतो?"

मी म्हटलं, असतो. तुम्ही गप्प बसा, मला विचार करू द्या.

डाव्या हातानं मी प्रिंटरचं झाकण उचलून धरलं होतं आणि उजवा हात आत घालून शाईचं ते इकडून तिकडे धावणारं हेड मुठीत दाबून ठेवलं होतं. बोटं काळीनिळी झाली होती. ट्रेवर कागद निम्मा बाहेर आलेला. त्यावर निळं आभाळ, पांढरे केस, कपाळ, भुवया, डोळे. नाकाच्या खाली कोरं. आणि ज्याचं नाक अजून छापायचं राहिलं होतं तो माणूस ओटीवरच्या झोपाळ्यावर बसून माझ्याशी भांडत होता. उन्हं वर आली होती, चुलीवरचा भात झाला होता, बाहेर भाजीवाल्याचा टेम्पो ओरडत गेला. सगळं रोजचंच होतं.

एकच रोजचं नव्हतं. आमच्या लग्नाला एवढी वर्षं झाली, पण हरेश्वर भांडणात माझ्याशी कधी जिंकले नाहीत. कारण सोपं आहे. त्यांचं एक वाक्य उंबऱ्यापर्यंत येईस्तोवर माझी चार वाक्यं अंगण ओलांडून गेलेली असतात. माणूस मुळात सावकाश. त्या दिवशी मात्र माझं बोलणं संपायच्या आत त्यांचं उत्तर तयार होतं. शब्दांची शेवटची अक्षरं गाळत, पटपट, पुसट आवाजात ते मला हरवत होते.

नवऱ्याचं नाव घेऊन लिहिते, त्याचं कुणाला वावडं असेल तर असू दे. 'हे' आणि 'आमचे ते' लिहीत बसले तर वाचणाऱ्याला कळणार कसं? आमची घरची बोलीही वेगळी आहे. ती इथे सगळ्यांना समजेल अशी करून लिहिते. आणि घडलं तेवढंच लिहिते. का घडलं ते मला विचारू नका. मला माहीत असतं तर मी आमच्या गिरीज गावभर सांगत फिरले असते, एवढी मला खोड आहे.

२

मी शाळेत चौथीपर्यंत गेले. पुढचं शिक्षण केळीचे लोंगर गुंडाळायला आणलेल्या रद्दी पेपरांवर केलं. गुंडाळायच्या आधी वाचायचे. सासूबाई म्हणायच्या, केळी पिकून जातील तुझं वाचून होईस्तोवर. इंग्रजी अक्षरंही तशीच शिकले, जाहिराती बघून बघून. म्हणून मुलानं, दीपेशनं, नातीच्या मोबाइलवरच्या शाळेसाठी घरात प्रिंटर आणला तेव्हा त्याला कुणी हात लावला नाही, मी लावला. बाकीचे म्हणाले, बिघडेल. मी म्हटलं, बिघडला तर कळेल तरी कशानं बिघडतो.

माझ्या जुन्या शिलाई मशीनच्या टेबलावर तो बसवला. पुढच्या खोलीत, खिडकीशी. तिथून ओटी दिसते, झोपाळा दिसतो, त्यामागची केळ दिसते.

ड्राफ्ट, नॉर्मल आणि बेस्ट हे तीन शब्द कळले की प्रिंटर कळला. ड्राफ्ट म्हणजे मेथी विरळ फेकावी तसं. हेड झपकन जातं, ठिपके लांब लांब पडतात, मधून कागदाची माती दिसते. बेस्ट म्हणजे त्याच वाफ्यावरून पुन्हा पुन्हा जायचं, ठिपक्याशेजारी ठिपका भरायचा, जरा वाळू द्यायचं, पुढं सरकायचं. ड्राफ्टचं पान चहाला उकळी यायच्या आत बाहेर पडतं. बेस्टमधला पानभर फोटो म्हणजे भात शिजून मुरेपर्यंतचं काम. घाई आणि नीटसपणा एका यंत्रात नांदत नाहीत. मला नीटसपणा आवडतो. लोकांना घाई असते, म्हणून लोक दुकानात जातात आणि पिवळट चेहरे घेऊन येतात.

इंचात किती ठिपके पडतात तो आकडा खोक्यावर मोठा छापलेला असतो आणि माणसं त्यालाच भुलतात. मी प्रत्येकाला ऐकवायचे, अहो, फोटोतच जे नाही ते प्रिंटर कुठून आणणार? मोबाइलवर चेपून आलेला फोटो बेस्टमध्ये काढला तर चेपलेलाच नीट दिसेल. यात काही चूक आहे असं मला कधी वाटलं नव्हतं.

माझ्याकडे माणसं यायची ती गेलेल्यांचे फोटो घेऊन. आमच्याकडे कुणी गेलं की दहाव्याच्या आत चौरंगावर ठेवायला फोटो हवा. आणि एकट्याचा फोटो कुणीच काढून ठेवलेला नसतो. असतो तो कुणाच्या तरी लग्नातला. शेजारी व्याही, मागे मंडपवाला, डोक्यावर न मावणारा फेटा. त्यातून मी माणूस सोडवायचे. शेजारच्या आग्नेसचा भाऊ बेसिल गेला तेव्हा त्याच्या महिन्याच्या मिस्सेसाठी, चर्चमधल्या प्रार्थनेसाठी, फोटो मीच काढला. त्याच्या हातातला ग्लास मी पुसला तर आग्नेस म्हणाली, "चंद्राबाय, ग्लासाशिवाय त्याला कोण ओळखणार?" तिचंही बरोबर होतं. पण मी पुसला तो पुसला.

या कामासाठी संगणकात माझी एक चौकट तयार असे. मागे आभाळी निळा रंग, कडेनं सोनेरी रेघ, खाली नाव आणि तारखांसाठी पट्टी. नवा चेहरा आला की आधीचा पुसायचा आणि नवा बसवायचा. गिरीजमधल्या कितीतरी भिंतींवर एकच निळं आभाळ आहे. ते माझं.

३

हिरामण हे हरेश्वरचे चुलतभाऊ. मागच्या पावसाळ्यानंतर गेले. त्यांच्या मुलाला घाई होती, म्हणून मीही घाई केली, आणि दहाव्याला चौरंगावर फोटो ठेवला तेव्हा दिसलं की हिरामणभाऊंच्या डाव्या खांद्यावर कुणाचं तरी एक बोट राहून गेलंय. अंगठीसकट. बाकी हात मी कापला होता, बोट राहिलं.

कुणाच्या लक्षात आलं नाही, फक्त हरेश्वरच्या आलं. ते पूर्ण विधी होईपर्यंत त्या बोटाकडे बघत होते. घरी येताना चर्चच्या वळणापासून त्यांनी वाक्य जुळवायला घेतलं ते आमच्या फाटकापाशी पूर्ण झालं. म्हणाले, "माझा काढ. दोन्ही खांद्यांचा. मी असतानाच."

मला बोलणं आवडलं. जिवंत माणसाला स्वतःचा फोटो निवडायचा हक्क नसावा काय? हेमालीला, माझ्या सुनेला, ते अजिबात रुचलं नाही. ती शाळेत शिकवते, पण असल्या बाबतीत माझ्या सासूबाईंच्या वरताण. ती म्हणाली, "आई, असं नका ना करू." मी म्हटलं, तुझ्या आधार कार्डावर फोटो आहे, तू मेलीस काय? यावर तिनं तोंड फिरवलं, पण फोटो तिनंच काढला. मी वसईच्या बाजारात गेले होते त्या दिवशी, बावखलाच्या, म्हणजे आमच्याकडच्या गोड्या पाण्याच्या तळ्याच्या, काठाला हरेश्वरना उभं करून. मोबाइलवरून मला पाठवला. यायचा तसाच आला, चेपलेला. चेहरा वापरून गुळगुळीत झालेल्या साबणासारखा.

खांदे मात्र दोन्ही होते.

चौकट तयार होती, म्हणून मी त्यांना चौकटीत बसवलं. हिरामणभाऊंना पुसलं आणि तिथे हरेश्वरना ठेवलं. खाली नाव टाकलं. तारखांची जागा मोकळी सोडली.

४

पानभर फोटोचा हुकूम दिला आणि मग कळलं की मोठा चकचकीत कागद संपलाय. ते काम रांगेत थांबवलं, पोस्टकार्डाएवढा छोटा कागद घातला आणि म्हटलं, नमुन्याला छोटा तरी काढू. बेस्टवर ठेवलं, भात चढवला.

भात शिजला. मुरला. निवला. यंत्र चालूच होतं.

आवाजही नेहमीचा नव्हता. बेस्टमध्ये हेड सावकाश जातं हे मला ठाऊक आहे, पण त्याला एक ठेका असतो. इथे एक लांब ओढ यायची, मग थांबायचं, मग पुन्हा ओढ. न्हालेले केस कुणी गुंता न तोडता विंचरत बसलंय असा तो आवाज. मी म्हटलं, धूळ अडकली असेल. हरेश्वर झोपाळ्यावर सुपारी कातरत होते. एक सुपारी त्यांना दुपारभर पुरायची. त्या दिवशी अडकित्ता भराभर वाजत होता, पण ते माझ्या ध्यानात नंतर आलं.

फोटो बाहेर आला आणि मी चष्मा पुसून पुन्हा घातला. साबण कुठेच नव्हता. पापणीचा केस न् केस होता. उजव्या कानाच्या पाळीवर लहानपणी टोचलेलं, पुढे बुजून गेलेलं छिद्र होतं. ते आहे हे त्यांच्या आईला माहीत होतं आणि मला. मोबाइलमधला फोटो मी मोठा करकरून पाहिला. तिथे पाळीच धड दिसत नव्हती.

तरी मला भीती वाटली नाही, खोटं कशाला बोलू? अभिमान वाटला. म्हटलं, हात बसलाय माझा. हरेश्वरना दाखवला. ते लगेच म्हणाले, "चांगला निघालो की."

लगेच म्हणाले.

दुसऱ्या दिवशी शाई बघायला गेले. आमच्या प्रिंटरला बाजूनं पारदर्शक टाक्या आहेत, शाई किती उरली ते रेघेवरून दिसतं. एवढं तास तास चाललेलं काम, निळी तरी उतरायलाच हवी होती. सगळ्या रंगांची रेघ होती तिथेच होती. मी टाकीला टिचकी मारली, प्रिंटर जरा कलता करून पाहिला. मग मनाशी म्हटलं, आधीची रेघच तू नीट पाहिली नसशील.

सुईत दोरा ओवायला वापरते ते भिंग घेऊन मी फोटो पाहायला बसले. भिंगाखाली फोटो म्हणजे नुसते ठिपके. कुणाचाही फोटो घ्या, चेहरा मोडतो आणि ठिपके उरतात. हा मोडेना. भिंग डोळ्यावर आणलं. बुबुळात खिडकीचा चौकोन चमकत होता, गज दिसत होते आणि खिडकीशी कुणीतरी टेबलावर वाकलेलं होतं. पदर कमरेला खोचलेली, पाठीत जरा बाक असलेली बाई.

फोटो बावखलाच्या काठावर काढला होता. समोर हेमाली होती, ड्रेस घातलेली, आणि तिच्यामागे नुसतं पाणी आणि माड.

मी भिंग ठेवलं. शाई पसरली की माणसाला वाटेल ते दिसतं, हे मी स्वतःला मोठ्यानं सांगितलं. फोटो कपाटात, लुगड्यांच्या खाली, पालथा ठेवला. फाडायला हात उचलला होता. पण फाडताना नेमकं काय फाटेल, असं मनात आलं, आणि तो हात तसाच खाली आला.

५

हरेश्वर मासा कसे खायचे ते बघायला लोक येत, असं म्हटलं तर थोडीच अतिशयोक्ती होईल. बोय म्हणजे काट्यांचं पोतं. ते एकेक काटा सोडवून ताटाच्या कडेला लावायचे, फणीच्या दातांसारखे, मोठ्यापासून धाकट्यापर्यंत. माझं जेवण, भांडी, ओटा पुसणं होई, तरी ते अर्ध्या तुकडीवर. मी चिडायचे. खरं तर मला त्यांच्यासमोर बसून चिडायला आवडायचं.

त्या आठवड्यात मी बोय केली. ताट वाढून मी पाणी आणायला वळले. परत आले तर ताट रिकामं.

मी म्हटलं, काटे कुठे? ते म्हणाले, "कसले काटे?"

कडेला एकही काटा नव्हता. मी ताटाखाली पाहिलं, पाटाखाली पाहिलं. मांजराला बोलावलं, ते तर अजून दाराबाहेरच वाट बघत बसलं होतं. घशात टोचतंय का विचारलं तर ते हसले आणि उठून हात धुऊन झोपाळ्यावर जाऊनही बसले.

मोगरा तोडायला गेले की ते कळीकळीशी बोलल्यासारखे तोडायचे, फुलं न्यायला आलेला टेम्पोवाला हॉर्न देऊन थकायचा. आता टेम्पो यायच्या आधी टोपली भरलेली. हेमाली खूश होती. म्हणाली, बाबा हल्ली किती चटचट आवरतात, तुमचा गुण लागला शेवटी. मला हसू आलं नाही. टोपलीत अर्ध्या कळ्या होत्या आणि अर्धे देठ.

६

रविवारी मी त्यांच्या पाठीला खोबरेल लावते. लग्नाच्या पहिल्या वर्षापासूनचं आहे हे. अंगणात, उन्हाला पाठ करून ते बसतात आणि मी आठवडाभराच्या तक्रारी त्यांच्या पाठीला सांगते.

तेल लावलं आणि मला रेघा दिसल्या. आडव्या, सरळ, बारीक, सारख्या अंतरावर, मानेपासून कमरेपर्यंत. रेघेच्या जागी कातडी फिकी. बोट फिरवलं तर हाताला काही लागेना. नख फिरवलं, ते म्हणाले गुदगुल्या होतात.

असल्या रेघा मी चांगल्या ओळखते. हेडची भोकं तुंबली की कागदावर अशाच पडतात. मग हेड साफ करायचा हुकूम द्यायचा, एकदोन पानं वाया घालवायची, रेघ जाते. आता हसा हवं तर, पण मी घरात जाऊन कढत पाणी आणलं आणि त्यांची पाठ अशी घासली की ते ओरडले. पाठ लाल व्हायला हवी होती. रेघांच्या मधली झाली.

वसईला डॉक्टरकडे नेलं. तरुण पोरगी होती, भली होती. म्हणाली, आजोबांचं रक्त कमी आहे, फिके दिसतात, वयानं होतं. लोहाच्या गोळ्या दिल्या. मी पाठीच्या रेघा दाखवल्या तर तिनं दिव्याखाली बघितलं आणि म्हणाली, चटईवर झोपतात का? मी घरी येताना रिक्षात स्वतःला समजावलं की माझ्या एका डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं राहिलंय, दोन डोळ्यांना दोन जगं दिसत असणार. एकेक डोळा झाकून मी शेजारी बसलेल्या हरेश्वरकडे पाहिलं. दोन्ही डोळ्यांना सारखेच दिसले. ते रस्त्याकडे बघत होते आणि त्यांच्या बाहीचा निळा चौकडा इतका फिका दिसत होता की सदरा नवाच आहे हे मी विसरावं.

त्या संध्याकाळी आग्नेस पाव घेऊन आली. ओटीवर चढली, माझ्याशी बोलली, सुनेच्या चार तक्रारी केल्या, कुणाच्या तरी साखरपुड्याची हकिकत सांगितली. मग विचारलं, "हरेश्वरभाऊ कुठे दिसत नाहीत?"

ते तिच्या हातभर अंतरावर बसले होते.

ते म्हणाले, "इथेच आहे की गं." आग्नेस दचकली, हसली, छातीवर क्रूस केला, म्हणाली आता माझेही डोळे तपासायला हवेत. आम्ही तिघंही हसलो. ती गेल्यावर हरेश्वर माझ्याकडे बघत राहिले. मग त्यांनी माझा हात घेतला आणि आपल्या मांडीवर ठेवला. माझ्या हातावरचा त्यांचा हात गरम होता. वजन मात्र, वाळलेलं फडकं ठेवावं इतकंच.

७

भांडणाचा तो दिवस. मी वाडीत तोंडली काढत होते. हेमालीनं सकाळी शाळेत जायच्या आधी मोठा चकचकीत कागद आणून घातला, मुलांची प्रशस्तिपत्रकं छापली आणि रांगेत अडकून पडलेलं कुणाचं तरी काम दिसलं म्हणून सहज छपाईला सोडून दिलं. तिची यात काही चूक नाही. शहाणी सून असंच करील.

मी फाटकाशी आले तर विंचरायचा तो आवाज येत होता. एक ओढ. थांबणं. एक ओढ.

टोपली कुठे टाकली ते आठवत नाही. ओटीवर पाय ठेवला आणि झोपाळ्याकडे पाहिलं. झोपाळा हलत होता. आमच्या झोपाळ्याची कडी माणूस बसलं की कुरकुरते, लहान मूल बसलं तरी कुरकुरते. हरेश्वर बसले होते, पायानं झोका देत होते, आणि कडी गप्प होती.

त्यांच्या बनियनवर ऊन पडलं होतं. आत हेडची ओढ झाली. मी बघत असतानाच त्यांच्या छातीवर, एका सरळ रेघेत, हिरवं दिसलं. मागच्या केळीच्या पानाचं हिरवं. पान वाऱ्यानं हललं तसं ते रेघेतलं हिरवंही हललं.

मी आत धावले. वायर उपटली. दिवा विझला. हेडनं मात्र आपली फेरी पुरी केली आणि ते परत निघालं. आत थोडा करंट राहत असेल, असेलही. मी झाकण उचललं आणि हेड मुठीत धरलं. ते माझ्या मुठीत ओढत होतं. जोरानं नाही, दाव्याला बांधलेलं वासरू ओढतं तसं, हळू आणि खात्रीनं. टाक्यांतली शाई रेघेवर निवांत होती. कागदावरचे ते डोळे माझ्याकडे बघत होते आणि इतके छान उतरले होते की काय सांगू. त्यांतला ओलावा दिसत होता.

कागद ओढून काढावा तर निम्मा माणूस घेऊन काढायचा. सोडावं तर उरलेला उतरणार. अशी उभी असताना बाहेरून आवाज आला, "झाकण लाव."

८

हरेश्वरना सगळं ठाऊक होतं. कधीपासून, ते मी विचारलं नाही. बोलता बोलता म्हणाले, पाठीत आणि पोटऱ्यांत वारा लागतो, दार बंद असलं तरी. वाईट नाही वाटत, म्हणाले, हलकं वाटतं, फक्त सगळं फार लवकर संपतं. जेवण बसायच्या आत संपतं. तुझं बोलणंसुद्धा.

मी म्हटलं, माझं बोलणं अजून पुष्कळ शिल्लक आहे.

"तो बघ किती नीट आलाय," ते म्हणाले. "इथे काय उरलंय माझ्यात? तूच म्हणतेस ना, चांगलं काम सावकाश होतं, मध्ये हात घालू नये. होऊ दे. दोन्ही खांदे येतील."

ते मला माझ्याच शब्दांत पकडत होते. आयुष्यभर कसर न ठेवता जिनं काम केलं त्या बाईला तिच्याच कामाची लाच देत होते. आणि मी कागदाकडे पाहिलं तेव्हा, क्षणभर का होईना, नाक कसं येईल ते पाहावंसं मला वाटलं. मुठीतलं हेड तेवढ्यात तसूभर सरकलं. ओटीवर ते बोलत होते, आणि एक शब्द आलाच नाही, फक्त ओठ हलले.

मग मी बोलले, आणि भांडण मिटलं. काय बोलले ते सांगते, आधी बाकीचं आवरून घेते.

प्रिंटर तिथेच आहे, झाकण उघडं. हेडच्या वाटेत लाकडी कालथा आडवा घातलाय, तो हरेश्वरनीच स्वयंपाकघरातून आणून दिला, नेहमीपेक्षा कितीतरी लवकर. कागद होता तसा निम्मा बाहेर. वरून धुतलेलं फडकं घातलंय. हेमालीनं एकदा विचारलं, मी तिच्याकडे पाहिलं, तिनं पुन्हा विचारलं नाही. गावात कुणी गेलं तर लोक आता दुकानात जातात. खांद्यांवर बोटं राहतात, चेहरे पिवळट येतात. येऊ देत.

हरेश्वर आहेत. बोय मी सोडवून देते, काटे मीच ताटाच्या कडेला लावते, फणीसारखे, आणि तेवढा वेळ त्यांना समोर थांबवून घेते. उन्हात बसू देत नाही. ओटीवर कुणी आलं तर आधी मीच सांगते, हे बघा, हे इथे बसलेत. रविवारी तेल लावते, रेघांना जरा जास्त. कडी वाजते. पूर्वीइतकी नाही, पण वाजते.

दुपारी सगळं गप्प असताना कधीतरी फडक्याखालून एक ओढ ऐकू येते. एकच. तेव्हा मी फडक्याकडे बघत नाही, आधी झोपाळ्याकडे बघते.

तर त्या दिवशी, एक हात झाकणावर, एक हात शाईत, कागदावरच्या त्या सुंदर डोळ्यांकडे पाठ करून मी ओटीकडे तोंड केलं आणि म्हटलं, "भिंतीवरचा लख्ख नवरा मला नको, पुसट असलात तरी चालेल, उठा आणि जेवायला माझ्यासमोर बसा."